श्वासाचा उंबरठा

आमच्या घरी दिवाळीच्या फटाक्यांसंबंधी एक कायदा आहे आणि तो मी केलेला आहे. सुतळी बॉम्ब नाही, माळ नाही, बाण नाही. ज्याला आवाज नाही तेवढेच आणायचे. कारण घरात आबा आहेत. आबा म्हणजे माझे वडील. वय पंच्याहत्तरीच्या घरात, छातीचे दुखणे जुने, आणि आवाजाने दचकण्याची सवय नवी. २०२३ सालच्या दिवाळीत मी हा कायदा जाहीर केला, तेव्हा चौथीतल्या चिरंजीवांनी थोडी कुरकुर केली, पण सौ.ने फुलबाज्या, भुईचक्रे आणि सापाच्या गोळ्यांच्या चार डब्या आणून तडजोड घडवून आणली. प्राध्यापकाच्या घरातले बहुतेक कायदे असेच तडजोडीने चालतात.

पाडव्याच्या संध्याकाळी चिरंजीव पायरीवर बैठक मारून बसले. काळी गोळी पेटवायची, की तिच्यातून वेटोळी घेत एक काळा साप बाहेर येतो. ना आवाज, ना ठिणगी. आबांना तर तो खेळ फारच आवडला. आरामखुर्ची पुढे ओढून ते वाकून पाहू लागले. "अरं, ह्यो बग, ह्यो तर अजगर निगाला!" असे म्हणून नातवाला आणखी चेव आणू लागले. चारही डब्या अर्ध्या तासात संपल्या. मी आतून ते दृश्य पाहिले, आपण किती शहाणपणाने सण साजरा करतो आहोत याचे मनाशी कौतुक केले, आणि पुन्हा दिवाळी अंकात डोके घातले.

रात्री दोनच्या सुमारास आबा उठून बसले. खोकला थांबेना, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. पाठीशी उशा दिल्या, नेहमीचा पंप दिला. पण धाप वाढतच चालली. शेवटी माझ्या एका शाळूसोबत्याला फोन केला. तो छातीच्या विकारांचा डॉक्टर. भाऊबिजेचा दिवस असूनही तो पहाटे धावत आला, आबांना दवाखान्यात हलवले, ऑक्सिजन लावला, आणि दुपारपर्यंत श्वास ताळ्यावर आणला. मग मला बाहेरच्या बाकावर बसवून त्याने विचारले, "मास्तर, काल घरात काय जाळलंस?"

"काही नाही रे. सापाच्या गोळ्या तेवढ्या. मुद्दाम बिनआवाजाच्या आणल्या होत्या."

भर वर्गात एखाद्याने तुकारामाला कादंबरीकार ठरवले, तर मी ज्या नजरेने त्याच्याकडे पाहीन, त्या नजरेने डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "फटाक्याचा त्रास काय नुसता कानाला होतो?" ते म्हणाले.

त्या बाकावर, औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे आकृत्या काढीत, माझ्या मित्राने मला जे शिकवले ते आज वाचकांना सांगावे म्हणून हा लेख. गेली वीस वर्षे मी मुलांना मराठी शिकवतो आहे. श्वास कोंडणे, श्वास सोडणे, जिवात जीव येणे, हे सारे वाक्प्रचार मी हजार वेळा फळ्यावर लिहिले असतील. पण घेतलेला श्वास पुढे जातो कुठे, आणि वाटेत त्याची झडती कोण घेते, हे मला ठाऊक नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "तू पन्हाळ्याला गेलायस ना? तिथं तटबंदी किती जाड आहे? तीन दरवाजातून आत शिरताना शत्रूला किती अडथळे? आता असा किल्ला मनात आण, की ज्याच्या बाहेरच्या वाटेवर पहारेच पहारे आहेत. पण अगदी आत, जिथं कोठार आहे, तिथली भिंत मात्र कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ आहे. तुझं फुप्फुस असं बांधलेलं आहे."

अशी उलटी बांधणी का? तर प्राणवायूसाठी. हवेतला प्राणवायू रक्तात जातो तो कुठल्या पंपाने ढकलून नव्हे, तर या भिंतीतून आपोआप झिरपून. भिंत जाड असती तर झिरपणे मंदावले असते, आणि जिना चढतानाच आपण घुसमटलो असतो. म्हणून निसर्गाने ती केली आहे सहस्रांश मिलिमीटरहूनही पातळ. डोक्याच्या केसाचे उभे शंभर पदर काढले, तर त्यातल्या एका पदराएवढी. भिंतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला वाहते रक्त. आणि ही भिंत काही वीतभर नाही. श्वासनलिका छातीत उतरल्यावर तिला फांद्या फुटतात, फांदीला डहाळ्या, डहाळीला काड्या. असे सुमारे तेवीस वेळा फाटे फुटून शेवटी द्राक्षांच्या घोसासारखे बारीक फुगे लागतात. त्यांना वायुकोश म्हणतात. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून हे वायुकोश तीस ते पन्नास कोटी असतात. ते सारे उकलून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा मध्यमवर्गीय संसार मावावा एवढी. एवढे अंगण उघडे टाकून आपण दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो, आणि तिच्याबरोबर धूळ, धूर, परागकण आणि जंतूही.

मग आपण जगतो कसे? तर वाटेवरच्या पहारेकऱ्यांच्या जिवावर.

पहिली चौकी नाकाची. नाकातले केस मोठी धूळ अडवतात. आतली वळणे हवेला फिरवून फिरवून कोमट आणि ओली करतात. तिथल्या ओलीला बरीचशी घाण चिकटते. त्यापुढे श्वासनलिका लागते. तिच्या आतल्या बाजूला पेशींचे एक अस्तर असते. आमच्या मराठी परिभाषेत त्याला अभिस्तर म्हणतात. या अस्तरातल्या काही पेशी चिकट बुळबुळीत कफ तयार करतात. काहींच्या डोक्यावर बारीक केसांचे कुंचले असतात. या केसांना आमच्या परिभाषाकारांनी 'पक्ष्माभिका' असे नाव दिले आहे. हा शब्द खोकला नसतानाच उच्चारता येतो, हे मराठीचा प्राध्यापक म्हणून मला कबूल केले पाहिजे. एकेका पेशीवर असे सुमारे दोनशे केस असतात आणि ते सेकंदाला दहाएक वेळा हलतात. वाऱ्यावर शेतातले पीक लवावे तसे सगळे मिळून एका दिशेने, वरच्या बाजूला. त्यांच्या डोक्यावरून कफाची पातळ चादर मिनिटाला काही मिलिमीटर अशी सरकत घशापर्यंत येते. चादरीवर पडलेली धूळ आणि जंतू तिच्याबरोबर वर येतात, आपण नकळत गिळून टाकतो, आणि पोटातले आम्ल त्यांचा समाचार घेते. रस्ता झाडणारे लोक पहाटे येऊन जातात तेव्हा आपण झोपेत असतो, तसेच हे. फरक एवढाच की या झाडूवाल्यांना पाडव्याचीसुद्धा सुट्टी नाही.

पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात त्या जोडाचीही एक गंमत आहे. आपल्या अस्सल कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो. चामड्याच्याच वादीने टाके घातलेले असतात. अस्तरातल्या पेशींनाही शेजारणीशी असे घट्ट टाके घातलेले असतात. टाके पक्के असले की बाहेरचा जंतू दोन पेशींमधून घुसू शकत नाही, आणि आतल्या रक्तातले पाणी हवेच्या बाजूला पाझरत नाही. टाके उसवले की मात्र दोन्ही अनर्थ एकदम होतात.

इतके पहारे चुकवून जे आत वायुकोशापर्यंत पोहोचते, त्याच्यासाठी तिथे कुंचलेवाले नाहीत. तिथे असतात भक्षक पेशी. त्या भिंतीवरून फिरत राहतात आणि दिसेल तो कण, दिसेल तो जंतू गिळतात. शिवाय भिंतीवर साबणाच्या पाण्यासारखा एक पातळ थर पसरलेला असतो. दोन ओल्या काचा एकमेकींना कशा चिकटतात ते आपण पाहतो. हा थर नसता तर वायुकोशही तसेच आतल्या आत मिटले असते. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांत हा थर पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना धाप लागते, हे अमेरिकेतल्या मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या दोघांनी १९५९ साली दाखवून दिले. त्या थरातले काही घटक जंतूंना चिकटून त्यांना भक्षकांच्या तोंडीही देतात.

गंमत म्हणजे ही आतली भिंत आहे की नाही, याचाच वाद पुष्कळ वर्षे चालला होता. इटलीच्या मालपिघीने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली वायुकोश आणि त्यांच्यावरचे रक्ताचे बारीक जाळे पाहिले. पण वायुकोशाला आतून पेशींचे अखंड अस्तर आहे, की तिथे रक्तवाहिन्या उघड्याच पडलेल्या असतात, हे साध्या सूक्ष्मदर्शकाला ठरवता येईना. अस्तर तेवढे पातळ! अखेर १९५० नंतर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर, फ्रँक लो या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते अखंड अस्तर दाखवले. जवळजवळ तीनशे वर्षे माणूस ज्या भिंतीच्या भरवशावर जगत होता, ती त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"आणि जंतू ती भिंत मोडतात कशी?" मी विचारले.

"आबांना विचार. त्यांच्या आजीनं सांगितलं असेल मानमोडीचं."

खरेच, आबांच्या आजीच्या तोंडी मानमोडीच्या साथीच्या गोष्टी असत, असे आबा सांगतात. १९१८ साली मुंबईच्या बंदरातून इन्फ्लुएंझा देशात शिरला आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. त्या रोगाचा विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरावरच हल्ला करतो. कुंचल्यांच्या पेशी मरतात, अस्तराची सालटी निघतात, कफाची चादर जागच्या जागी थांबते. मग एरवी घशात निरुपद्रवीपणे बसलेले दुसरे जंतू त्या उघड्या पडलेल्या वाटेने खाली उतरतात. १९१८ साली पुष्कळ माणसे अशा मागाहून आलेल्या न्यूमोनियानेच दगावली. दरवाजा एकाने फोडला आणि लूट दुसऱ्याने केली. २०२० आणि २०२१ साली आपण सर्वांनी जो कोरोना भोगला, त्याचा विषाणू तर वायुकोशातही पोहोचत होता. तिथली भिंत गळू लागली, की हवेच्या जागी पाणी भरते. ऑक्सिजनचा आकडा खाली जातो, असे तेव्हा आपण घरोघरी म्हणत होतो. त्या आकड्यामागे ही गळकी भिंत होती.

एवढे सांगून डॉक्टर सापाच्या गोळीकडे वळले. २०१६ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मुलांच्या आवडीचे सहा फटाके जाळून पाहिले. मुले फटाका जितक्या अंतरावरून उडवतात तितक्याच अंतरावर यंत्र ठेवून धुरातले अतिसूक्ष्म कण मोजले. अतिसूक्ष्म म्हणजे अडीच मायक्रॉनहून लहान. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याच आकाराचे कण नाकाला आणि कफाच्या चादरीला चकवून थेट वायुकोशात उतरतात. भुईनळ्याच्या धुरात ते घनमीटरला ४,८६० मायक्रोग्रॅमपर्यंत चढले, फुलबाजीच्या धुरात १०,३९० पर्यंत, माळेच्या धुरात ३८,५४० पर्यंत. आणि पहिला नंबर कुणाचा? सापाच्या गोळीचा, ६४,५०० मायक्रोग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिवसभराच्या सरासरीसाठी घालून दिलेली मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅमची. एक क्षणभराचा कळस आणि दुसरी दिवसाची सरासरी, तेव्हा दोहोंचा सरळ भागाकार करणे बरोबर नाही, हेही डॉक्टरांनी बजावले. पण ज्या खेळाकडे मुले सर्वांत जवळ वाकून पाहतात, तोच सर्वांत धुरकट निघावा, आणि आवाज नाही म्हणून मी तोच निवडावा!

"पण पोराला काही झालं नाही, आणि आबांनाच का?"

डॉक्टरांनी लगेच उत्तर दिले नाही. मग आत जाऊन आबांच्या छातीचा फोटो आणून त्यांनी तो खिडकीशी धरला. दोन्ही बाजूंना वरच्या भागात पांढरे ठिपके पसरले होते.

आबांनी उमेदीची पस्तीस वर्षे ओतकामात घालवली. कोल्हापूरच्या ओतकामाची कीर्ती वाचकांना ठाऊक असेलच. तेलाची इंजिने, शेतीचे पंप आणि पुढे मोटारगाड्यांचे सुटे भाग, यांचे ओतीव काम या शहराने देशभर पुरवले. ओतायचे म्हणजे आधी वाळूचा साचा करायचा, त्यात भट्टीतला रस ओतायचा, आणि थंड झाल्यावर साचा फोडून आतला नग काढायचा. आबा साच्याचे कारागीर. त्यांचा हात इतका बसलेला, की साच्याची कड बोटाने चाचपून ते नग बिनचूक निघणार की नाही सांगत. त्या काळी नाकावर फडके बांधणे म्हणजे नवखेपणाचे लक्षण समजत. "साचा फोडताना काय धुरळा उडायचा! घरी येऊन नाक शिंकरलं की काळं निगायचं. मग वाटायचं, झालं, निगालं समदं," असे ते सांगत.

नाकातून निघाले ते मोठे कण. नाकाने आपले काम चोख केले होते. वाळूचे जे कण डोळ्यांना दिसतही नव्हते, ते वायुकोशात उतरले. तिथल्या भक्षक पेशींनी ते नेहमीप्रमाणे गिळले. पण वाळूचा कण म्हणजे धारदार स्फटिक. तो पचत नाही. गिळणारीलाच मारतो आणि पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी येते, तोच कण गिळते, तीही मरते. या न संपणाऱ्या लढाईत भिंतीच्या आसपास वळ उठतात, वळांचे गठ्ठे होतात, आणि जी भिंत पापुद्र्यासारखी असायला हवी ती घट्टे पडलेल्या तळव्यासारखी होते. याला सिलिकोसिस म्हणतात. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, आणि झालेली हानी भरून काढणारे औषध नाही.

म्हणजे मी ज्याला इतकी वर्षे 'आबांचा दमा' म्हणत होतो, तो दमा नव्हताच. त्याच साच्यांच्या मजुरीवर मी एम.ए. झालो. श्वास या शब्दाची व्युत्पत्ती मला तोंडपाठ होती. आणि ज्यांनी ती शिकण्याचे पैसे भरले, त्यांचा श्वास का अडतो हे मी कधी नीट विचारले नव्हते.

माझा चेहरा पाहून डॉक्टरांनी दुसरी बाजूही सांगितली. निरोगी भिंत फार चिवट असते. वायुकोशाचा जवळजवळ सारा पृष्ठभाग पातळ पसरट पेशींनी झाकलेला असतो. त्यांच्या अधूनमधून छोट्या गोल पेशी बसलेल्या असतात. साबणासारखा थर बनवतात त्या याच. पातळ पेशी मेल्या, की या गोल पेशी वाढतात, पसरतात आणि स्वतः पातळ होऊन ती जागा झाकतात. श्वासनलिकेच्या अस्तरातही तळाशी अशा राखीव पेशी असतात; सर्दी-पडसे झाल्यावर काही आठवड्यांत कुंचले पुन्हा उगवतात ते त्यांच्यामुळे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे कुंचले आखूड होतात आणि झडतात; पण ओढणे थांबवले तर अस्तर सावरू लागते. म्हणून सोडायला उशीर झाला, असे कुणाच्याच बाबतीत म्हणू नये. मूल जन्मते तेव्हा त्याच्याजवळ मोठ्या माणसाच्या मानाने थोडेच वायुकोश असतात. पुढच्या काही वर्षांत ते झपाट्याने वाढतात, आणि फुप्फुसाची वाढ विशीपर्यंत चालते. चिरंजीवांची भिंत अजून बांधली जात आहे, म्हणून तर तिथे धूर नको. मात्र डागडुजीला उसंत लागते. रोज नवा धूर, रोज नवी धूळ, मग गवंडी कितीही कुशल असो, त्याने काम करावे कधी?

घरातल्या माणसांनी करायचे ते फार अवघड नाही. चुलीचा किंवा फोडणीचा धूर कोंडू देऊ नये, खिडकी उघडी ठेवावी. उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद खोलीत जाळू नये. केर काढताना आधी पाणी शिंपडावे. म्हाताऱ्यांना आणि छाती अधू असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लूची लस द्यावी. आणि ज्यांच्या घरचे कोणी ओतकामात, दगडाच्या खाणीत किंवा सूतगिरणीत कामाला आहेत, त्यांनी खोकल्याला नुसता खोकला म्हणून सोडून देऊ नये. कामाचे नाव डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आबांच्या बाबतीत ते कुणी सांगितले नाही, कारण सांगायचे मलाच होते.

आबा चार दिवसांनी घरी आले. जिना चढताना मधल्या पायरीवर आता थांबतात. थांबणे दिसू नये म्हणून कठड्याचा रंग निरखून पाहतात.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही कायदा बदलला. सापाची गोळी बंद. चिरंजीवांनी त्या बदल्यात अंगणात किल्ला मागितला, आणि किल्ला म्हणजे अर्थातच पन्हाळा. मी पुस्तक उघडून नकाशा दाखवू लागलो. पण तटबंदी उभी राहीना, सारखी ढासळे. आबा खुर्चीतून पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. ते हळूहळू उठून पाटावर येऊन बसले आणि त्यांनी हात पुढे केला. नातवाने उत्साहाच्या भरात कोरड्या मातीचे घमेले त्यांच्यापुढे दाणकन आदळले. मातीचा लोट उठला.

आबांनी पदरासारखा पंचा नाकावर ओढला आणि नातवाला मागे सारले.

"आदी पानी शिंपड," ते म्हणाले. "माती भिजवून घ्यावी, बाळा. मग हात लावावा. आमाला कुणी सांगितलं न्हवतं."

मुलगा तांब्या आणायला धावला. तटबंदी त्या संध्याकाळी उभी राहिली. कड इतकी साफ, की शेजारची मंडळी पाहायला आली. आबांनी बोटाने ती चाचपून पाहिली आणि मान डोलावली.